शेंदराखालचं हाड

देवानं खोळ टाकली, असा मल्हाररावांचा भल्या सकाळी फोन आला. चार पिढ्यांचा शेंदूर एकाएकी निखळून पडला होता, आणि आत काय आहे ते बघायला दगडांचं शिकलेली लेक हवी होती. अक्षदा संभाजीनगरच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. मिळाली ती एसटी धरून ती गावी, पिशोरला आली.

मेंढरं वाटेला लावण्याआधी या देवाला पुरणाचा निवद दाखवायचा, ही घरची रीत. बाराच्या आत नवा शेंदूर चढायला हवा होता, कारण सांडूकाका आणि सगळी भावकी जेवायला यायची होती. देव तसा इथला नव्हेच. पणजोबांना तो चांद्याकडं मेंढरं चारताना ओढ्यात सापडला. त्यांनी घोंगडीत बांधून, घोड्यावर लादून आणला. त्यानंतर कुणी त्याला उघडा पाहिलाच नाही.

अक्षदा देवाच्या ओट्याशी वाकली. हातभर लांब, तपकिरी, आणि फुटक्या टोकाला बारीक बारीक छिद्रं. हा साधा दगड नसावा, असं तिला वाटलं. खात्री करायला तिनं तिच्या धंद्यातला वेडगळ उपाय केला. इकडंतिकडं पाहून टोकाला जीभ लावली. साधा दगड जिभेला चिकटत नाही, हाडाचा झालेला बारीक छिद्रांमुळं चिकटतो. हा धरून बसला.

"देवाला चाटतीस व्हय गं?" मागं मल्हारराव शेंदराची वाटी घेऊन उभे.

खोटं बोलणं सोपं होतं. शेंदूर चढला की आणखी चार पिढ्या कुणी विचारलं नसतं. खरं सांगितलं तर भावकी हाडाचा विटाळ मानणार, नदीत टाका म्हणणार, आणि आपल्या एका शब्दापायी बापाचा देव जाणार. तिला रडूच कोसळलं. पण बापानं विश्वासानं बोलावलं होतं.

"आबा, हे हाड हाय. डायनासोरच्या पायाचं. साडेसहा कोटी वर्सांच्या बी आधीचं."

मल्हाररावांनी वाटी ओट्यावर ठेवली. खाली बसून त्यांनी हात पुढं केला. मेंढरांचे मोडके पाय कामट्या बांधून जोडण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांचा अंगठा मधल्या फुगवट्यावर थांबला.

"मोडून जुळलंय हे. अशीच गाठ येती. पन बांधायला कुनी नव्हतं. वाकडं जुळलं."

अक्षदानं डोळे पुसून पाहिलं. तिच्या आधी त्यांनी ओळखलं होतं. "व्हय आबा. गाठ पार गुळगुळीत झालीय. म्हंजी मोडल्यावर बी लई वर्सं जगलं ते. लंगडत."

"तरी बी हाडच," मल्हारराव पुटपुटले. "सांडूला काय सांगू? नदीत सोडावं लागंल."

चुलीपाशी बसलेल्या बानाबाई, अक्षदाची माय, उठल्या. अक्षदा तान्ही असताना मेंढरांमागं चालता चालता त्यांचा पाय मोडला होता. कळप थांबत नाही, म्हणून मल्हारराव त्यांना लेकरासकट परक्या गावात ठेवून पुढं गेले, ते दोन महिन्यांनी परतले. पाय तोवर वाकडा जुळला होता. घरात त्यावर कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

पाय ओढत त्या ओट्यापाशी आल्या आणि पिठाच्या हातानंच वाटी उचलली.

"तुमी एकदा मला टाकून गेला व्हता," त्या म्हणाल्या. "याला तरी नका टाकू."

बानाबाई शेंदरात तेल कालवू लागल्या, तेवढ्यात भावकीची जीप फाट्यावर दिसली. मल्हारराव उठले, पटका सारखा केला आणि वाटेत जाऊन उभे राहिले.

"तू लाव," मागं न बघता ते बानाबाईंना म्हणाले. "सांडूला मी खरं काय ते सांगतो."