सातपूरला न उतरलेला हात

हे कोणाला पटायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या बायकोलाही पटलं नाही, आणि तिला तर माझ्याशी लग्न करून सुख लाभेल हेसुद्धा पटलं होतं. पण गेल्या सिंहस्थात एका माणसाच्या हाताने नाशिक-त्र्यंबक अशा तीन फेऱ्या केल्या, आणि त्यातल्या दोन फेऱ्यांना तो माणूस बरोबर नव्हता.

कारभारी रिक्षावाला हसला. म्हणाला, तात्या, चहा प्या, निवतोय.

हस लेका. साक्षीदार समोर उभा आहे. हा सावळीराम, ज्याच्या टपरीवर तू रोज उधारीचा चहा पितोस. आता त्याच्या उजव्या कोपराला नुसता आकडा आहे, त्यात किटली अडकवतो नि डाव्या हाताने ग्लास भरतो. गोष्ट या आकड्याची नाही. त्याच्या आधीच्या हाताची.

खरा हात गेला इथेच सातपूरला, समोरच्या एका कारखान्यात, प्रेसखाली. वर्षभराने तिथल्या साहेबाने निरोप धाडला: नकली हाताने खोकी उचलून एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवून दाखव, स्टोअरमध्ये घेतो. मंगळवारी सकाळी दहाला. साहेब अकराच्या गाडीने मुंबईला जाणार, ते कायमचे. दहाला आला नाहीस तर नाव खोडलं.

मग भद्रकालीतल्या बहिरू सायकलवाल्याने हात घडवला. बोटं ब्रेकच्या दांड्यांची. स्कूटरची क्लचवायर पाठीवरून दुसऱ्या खांद्याला नेलेली. मनगटात फ्रीव्हीलची दातेरी चकती. खांदा पुढे काढला की टिक टिक करत मूठ वळायची, आणि वळली की सुटायची नाही. खांदा मागे ओढला तर खिटी उचलायची, मूठ मोकळी. त्या हाताने सावळीरामने अंडं उचललेलं मी पाहिलंय. अंडं कोंबडीच्या खालून काढलं. कोंबडीला संध्याकाळी कळलं.

खोट एकच होती. खांद्यावरचा पट्टा घसरायचा. तर त्या मंगळवारी पहाटे त्याच्या बायकोने, चांगुणावहिनीने, दाभण घेतलं, सुतळी ओवली, आणि पट्टा सदऱ्यासकट पाठीमागे पक्का शिवून टाकला. साहेबासमोर घसरायला नको म्हणून. बाईने इतक्या मायेने घातलेले टाके सैतानालाही उसवायचे नाहीत.

सव्वानऊची त्र्यंबक गाडी. सिंहस्थाची गर्दी म्हणजे काय सांगू, श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याने सोडावा लागत होता. मी तेव्हा एस.टी.त कंडक्टरच होतो, पण त्या दिवशी रजेवर. अंजनेरीला मेव्हण्याकडे निघालो होतो, साधा प्रवासी. गाडीवर कंडक्टर यादव म्हणून कोणी होता, चांदवडकडचा. पुढे त्याची मालेगावला बदली झाली. शोधायला जाऊ नका, सापडायचा नाही.

सावळीरामने वरची दांडी धरली. लोखंडी हाताने, ऐटीत. डाव्या हातात कागदांची फाईल, ती छातीशी. गोल्फ क्लबाच्या वळणावर मागून असा रेटा आला की त्याचा खांदा पुढे गेला. टिक टिक टिक. मूठ आवळली. त्याने खांदा मागे ओढायला बघितलं, तर मागे एक बाई आणि तिच्या डोक्यावर गाठोडं. खांदा जाणार कुठे? प्रत्येक धक्क्याला मूठ आणखी एक दात आवळायची. आत कुठेतरी तट्‌ असा आवाज झाला आणि खिटीची वायर तुटली.

सातपूर आलं. बेलचा एक टोला पडला, गाडी थांबली. कारखान्याचं गेट खिडकीतून दिसत होतं, वर घड्याळ, नऊ पस्तीस. हा दांडीला टांगलेला. कोणी म्हणालं, अहो उतरा की. कोणी म्हणालं, दारू प्यालाय. हा सांगतोय, मूठ सुटत नाही, जरा थांबवा, पाठीवरचे टाके कापा कोणीतरी. पण गर्दीत वाक्य पुढे सरकत नाही, माणसासारखंच अडकतं. बेलची दोरी त्याच दांडीला लागून गेलेली. पण डावा हात फाईलसकट दोन पोटांच्या मधे चिरडलेला, वर निघेना.

आणि डबल बेल झाली.

कारभारी आता हसत नव्हता. त्याने विचारलं, कंडक्टरला दिसलं नाही?

दिसलं असेल नसेल. सिंहस्थात कंट्रोलरचा हुकूम होता, थांब्यावर गाडी रेंगाळली तर मेमो. यादवला मेमोची भीती. पाच मिनिटं थांबला असता तर कोणाच्याही खिशातल्या ब्लेडच्या पानाने टाके कापले असते. नाही थांबला. गेट मागे गेलं. पिंपळगाव गेलं, महिरावणी गेली. सावळीराम मान वळवून मागच्या काचेकडे बघत राहिला. ओरडायचं त्याने केव्हाच सोडलं होतं. नुसता घाम नाकावरून टपकत होता, आणि पुसायला हात नव्हता. दोन असून.

आता ऐक, इथून पटायचं नाही. त्र्यंबकला गाडी रिकामी झाली, तरी हा तसाच. हात वर, डोळे मिटलेले, गालांवर पाणी. परतीचे लोक चढले, त्यांनी बघितलं आणि एक म्हातारी म्हणाली, हात वर केलेले महाराज गं बाई. झालं! पायाशी नारळ, गळ्यात झेंडूची माळ. एकाने लोखंडी बोटांना कुंकू लावलं. महाराज म्हणतायत, वस्तरा आणा. लोक म्हणाले, जावळ काढायचंय. शेवटी कुशावर्तावरचा न्हावी खिडकीतून आत आला, पाठीवरचे टाके वस्त्र्याने कापले. माणूस सुटला. हात राहिला दांडीवर, कुंकवासकट. तोच हात पुढे दोन फेऱ्या एकटा हिंडला. त्याला कोणी तिकीट मागितलं नाही.

"आणि साहेब?" कारभारी म्हणाला.

साहेब! साडेअकराला गाडी सातपूरला आली तेव्हा साहेब स्वतः थांब्यावर उभा. गाडीत चढला, त्या हाताला लोंबकळून बघितलं. हात हलला नाही. म्हणाला, असा हात मी विलायतेत पाहिला नाही, उद्यापासून कामावर या. आणि आपला सावळीराम काय म्हणाला? म्हणाला, साहेब, दुसऱ्याच्या घड्याळावर आता मी जगायचा नाही. नोकरीला लाथ मारली आणि ही टपरी टाकली. आपल्या राजीखुशीने. विचार त्याला.

सात वर्षं मी असंच म्हणत आलो आहे, विचार त्याला. आणि सात वर्षं सावळीराम मान डोलावून दुसऱ्याचा ग्लास भरत आला आहे.

त्या दिवशी त्याने आकड्यातून किटली काढून खाली ठेवली.

"साहेब अकराच्या गाडीनं गेला व्हता, तात्या," तो म्हणाला. "आन्‌ यादव कोणी नव्हता. ती बेलची दोरी माझ्या लोखंडी हाताला लागून व्हती, वितभर. तिच्यावरचा हात मी चांगला बघितला. तो तुमचा व्हता."