न वाजलेली शीळ

एक टब. त्यात घरातलं कुणीही आंघोळ करत नाही.

दुधाची बाटली, बूच चावून चावून चोथा झालेलं.

"आई, माझ्या बुटात मासा आहे. मेलेला. तुझ्या लाडक्याची भेट!"

दारावर चिकटवलेला कागद: बेल वाजवू नये, आत्ताच झोपलाय.

ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात दबलेलं गवत, दोन गुडघ्यांच्या आकाराचं.

आणि एक गोष्ट, जी सगळ्यांना ठाऊक असते आणि पडद्यासमोर बसलं की नेमकी कुणालाच आठवत नाही. सिनेमातलं जनावर कुणाला सोडून जात नसतं. ते कुणाकडे तरी जात असतं. मुलगी रडत म्हणते, जा, तुझं घर तिकडे आहे. जनावर पाठ फिरवून निघतं. प्रेक्षक रुमाल काढतात. आणि तिकडे झुडपात कुणीतरी खिशात खाऊ घेऊन बसलेलं असतं.

या सिनेमात झुडपात मावशी बसली होती.

युनिटमधले सगळेच तिला मावशी म्हणत. कुत्रे, पोपट, एक अत्यंत अहंकारी बकरी, अशा कित्येकांना तिने कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. पण बोळा वेगळा. बोळा म्हणजे पाणमांजर. सापडला तेव्हा पिळलेल्या फडक्याच्या बोळ्याएवढा होता, म्हणून बोळा. तिने त्याला बाटलीने दूध पाजलं, पोहायला शिकवलं (हो, पाणमांजराला पोहायला शिकवावं लागतं, आणि ते मांजरासारखंच किंचाळतं), आणि शीळ वाजवली की यायला शिकवलं. घरात तिची स्वतःची लेक होती, वयात आलेली, फटकळ. ती म्हणायची, "मी कितीही शिट्या मारल्या तरी मला कुणी मासा देत नाही. मी सावत्रच."

सिनेमा संपत आला तसा जनावरांच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं.

"मावशी, तो आता मोठा झालाय. स्वतः मासा धरायला लागला तर तलावावर सोडू, तिथे त्याच्या जातीचे आहेत. नाही जमलं तर जन्मभर पिंजरा. घरी ठेवणं मात्र विसरा."

मग मावशीने टबात जिवंत मासे सोडले. बोळ्याने त्यांच्याशी दोस्ती केली. त्यांच्यामागे पोहायचा, त्यांना नाकाने ढकलायचा, आणि भूक लागली की टबाबाहेर येऊन तिच्या हाताकडे बघायचा. "शिकारी आहेस की शेजारी?" ती ओरडायची. वरवर ओरडायची. आतून दर वेळी जीव भांड्यात पडायचा, आणि मग त्या भांड्याची लाज वाटायची. कारण त्याला मासा धरता आला नाही तर पुढे जन्मभराचा पिंजरा होता, हे तिलाही दिसत होतं.

शेवटचा सीन. टेक एक.

सिनेमातली मुलगी ओढ्याच्या अलीकडच्या काठावर. मावशी पलीकडे लव्हाळ्यात, हातात मासा, गुडघे चिखलात. मुलगी म्हणाली, "जा." मावशीने शीळ घातली. बोळा बाणासारखा ओढा ओलांडून आला आणि थेट तिच्या मांडीवर चढला.

"कट! फार घाईत गेला," दिग्दर्शक ओरडला. "मावशी, त्याला जरा दुःख होऊ द्या की!"

"त्याला सांगा. मला पुरेसं झालंय."

टेक दोन. मुलगी शिंकली.

टेक तीन. ढग आला. मावशीला ढगाची पापी घ्यावीशी वाटली. आणखी एक टेक, आणखी एक शीळ. चित्रीकरण संपलं की शीळ बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

टेक चार. ऊन पडलं. मुलगी या वेळी खरंच रडायला लागली. "जा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

मावशीने ओठ जुळवले. नुसती हवा गेली. पुन्हा जुळवले. ओठ थरथरत होते. आयुष्यभर शिट्या मारून तिला एक गोष्ट कधी कळली नव्हती: रडक्या तोंडाने शीळ वाजत नाही.

बोळा पाण्याच्या मध्यावर थांबला. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कुणीच बोलावत नव्हतं. असं त्याच्या आयुष्यात आजवर झालं नव्हतं.

मग तो बुडाला.

सगळं युनिट श्वास रोखून. पाण्यावर बुडबुडे, ते प्रवाहाच्या दिशेने सरकत गेले, मग तेही दिसेनात. आणि पार खालच्या अंगाला एका दगडावर तो वर आला, तोंडात काहीतरी फडफडत होतं. सगळ्यांकडे पाठ करून त्याने तो मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत, मचमच आवाज करत, कुणाचीही पर्वा न करता खाल्ला. मिशा पुसल्या. पुन्हा पाण्यात शिरला.

"ओके!" दिग्दर्शक नाचायलाच लागला. "मावशी, हे कसं करून घेतलंत?"

"काही नाही केलं," लव्हाळ्यातून आवाज आला.

बोळाला तलावावर सोडल्यानंतर काही महिन्यांनी सिनेमा लागला; थिएटरमध्ये लेक मावशीशेजारी बसली होती. तो सीन आला. पुढच्या रांगेतलं एक पोर हमसून रडत होतं, त्याची आई त्याला समजावत होती की तो आता खूश असेल. लेकीने अंधारात मावशीचा हात चाचपला.

"आई, रडतेस?"

"नाही गं. तो मासा खातोय ना, तेव्हा माझ्या हातात दुसरा होता. त्याचं काय करायचं ते कळेना. अख्खा वेळ तसाच धरून बसले होते."

दोन बोटं तोंडात घालून लेकीने हळूच, अगदी बारीक शीळ घातली. मावशीने मान तिच्या खांद्यावर टेकवली.

बोळा घरी आला तेव्हा त्याचे डोळे उघडलेले नव्हते, आणि मावशी लेकीला म्हणाली होती, "संध्याकाळपर्यंतच ठेवू."