पाजतानाची हाक

उज्वलानं दुधाची बाटली रेश्मा सिस्टरच्या हातात दिली आणि रोजच्यासारखी काचेच्या पेटीशी जाऊन उभी राहिली. घोटावड्याहून बावधनच्या दवाखान्यापर्यंत ती बाटली तिनं बर्फाच्या पिशवीत, मांडीवर धरून आणली होती. पेटीत तिची पोरगी झोपली होती. दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मलेली, पंचवीस दिवसांची, नाकात दुधाची नळी.

"आज तरी बोलाल का तिच्याशी?" रेश्मानं विचारलं.

"काय बोलू?"

"काहीही. तुमचा आवाज तिला पोटात असल्यापासून माहीत आहे."

उज्वलानं पदर सारखा केला.

रेश्मा नांदे गावची, शेतकऱ्याघरची पोर. समजावून सांगायचा तिला कंटाळा नव्हता. "हे बघा, ताई. ही रबरी चोखणी दिली तर ती दोनदा ओढते आणि सोडून देते. आईचा आवाज लावला की काही बाळं ओढत राहतात. ओढलं की आवाज चालू, थांबलं की बंद. तुम्ही दिवसातून एकदाच येता, म्हणून म्हणते, फोनमध्ये भरून आणा. ओढायला शिकली की नळी निघेल आणि घरी न्याल."

"आन् न्हाई शिकली तर?"

रेश्मा हात धूत होती. "तोवर नळी. आणि नळी जितकी राहील तितकी जंतूंची भीती."

उज्वलानं मान हलवली. भीती म्हणजे काय ते तिला कळत होतं, वाटत मात्र काहीच नव्हतं. पहिल्या पोराच्या वेळी सगळं वाटून झालं होतं. त्याच्याशी ती पोटात असल्यापासून बोलायची. भाकरी थापताना, मेंढरांमागं चालताना, तोंड म्हणून बंद नसायचं. तो नऊ दिवस जगला. दहाव्या दिवशी सासू, कोंडाबाई, चुलीपाशी बसून म्हणाली, "लई बोललीस गं त्याच्याशी. तुझीच दिष्ट लागली." म्हातारी तेव्हा दुःखात होती, पुढं विसरूनही गेली. उज्वला विसरली नाही. या खेपेला तिनं पोटाशी एक अक्षर काढलं नव्हतं, आणि तरी पोरगी दोन महिने आधी आली. आता कुणाला काय विचारायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं, धुळानं, फोन चालू करून तिच्या हातात दिला.

"ह्यो लाल टिपका दिसतोय तवर भरतंय. बोल."

तो कळप घेऊन माळाकडं गेला. उज्वला मेंढरांच्या वाडग्यात उभी राहून लाल टिपक्याकडं बघत राहिली. आकडे पुढं सरकत होते. तिनं फोन तसाच चालू कुडाच्या भिंतीवर ठेवून दिला.

वाडग्यात एक पहिलटकरीण मेंढी मागं ठेवली होती. काल व्यायली होती आणि कोकराला जवळ येऊ देत नव्हती. कोकरू गेलं की लाथ. उज्वलानं तिला गुडघ्यांत धरलं, तिचंच दूध चार थेंब काढून कोकराच्या पाठीवर चोळलं. आपल्या दुधाचा वास आला की मेंढी चाटते, चाटली की आपलं म्हणते. हे काम ती लहानपणापासून करत आली होती, हात आपसूक चालले. बऱ्याच वेळानं मेंढीनं मान वळवली आणि कोकराची शेपटी हलायला लागली.

धुळा काठी विसरला म्हणून परत आला. कुडावरचा फोन त्यानं उचलला. "झालं?"

"झालं," ती म्हणाली, आणि त्यानं तो बंद केला.

दवाखान्यात फोन देताना आत काही नाही हे सांगायला हवं होतं. ते तिनं सांगितलं नाही. रेश्मानं फोन स्वच्छ पिशवीत घातला, पेटीचं झाकण सरकवलं, पोरीच्या ओठांत चोखणी दिली आणि आवाज बारीक करून लावला. आधी नुसता वारा. मग घुंगरू. उज्वला फरशीकडं बघत होती.

"ये गं बाई माझी. न्हाई मारत ती तुला. नवी हाय ती बी, तिला कुटं ठावं हाय? धर तोंडात. आसं. व्हय, व्हय. पी गं..."

कोण बाई बोलतेय, हे उज्वलाला लगेच उमगलं नाही. आवाज मायेनं भरलेला होता, घाई नसलेला. असा आवाज आपल्याकडं होता हे ती विसरूनच गेली होती.

पोरीनं दोनदा ओढलं. मग तिसऱ्यांदा. मग गाल आत गेले, बाहेर आले, आणि थांबेनात.

"बघितलंत?" रेश्मा हळूच म्हणाली. "किती छान समजावता तिला! मागं शेळी ओरडतेय वाटतं."

"मेंढी हाय," उज्वला म्हणाली. बाकीचं सांगितलं नाही. तिच्या छातीत दूध दाटून चोळी ओली होत होती.

फोनमध्ये पावलं वाजली. धुळाचा आवाज आला, "झालं?" पाठोपाठ तिचा, कोरडा, "झालं." आणि मग काहीच नाही.

पोरीचे गाल थांबले. चोखणी ओठांतून निसटायला लागली. रेश्मानं पुन्हा लावायला बोट पुढं केलं, पण उज्वलानं फोनवर हात ठेवला. ती पेटीवर वाकली.

"न्हाई झालं अजून," ती पोरीला म्हणाली. "धर तोंडात. आसं."