दुसरं अक्षर

प्रमिलाबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला अठरा वर्षं झाली. वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं चार ओळींचं पत्र होतं. 'सर, दुसरं अक्षर तुमचं आहे हे मला पहिल्यापासून माहीत आहे. माझं ह्यांना खरं वाटत नाही, तुम्ही एकदा सांगा. तुमचं ऐकतील. मी दुसरं काही मागत नाही.'

तेव्हा मी दिवसा या गुजराती शहरात महापालिकेच्या मराठी शाळेत व्याकरण शिकवायचो आणि संध्याकाळी दोन तास इथल्या मराठी मंडळाचं वाचनालय सांभाळायचो. प्रमिलाबाई नवागामहून यायच्या. सभासद क्रमांक एकशे बारा. नवरा सुकलाल बमरोलीला यंत्रमागावर कामाला. बाई काउंटरवर काही बोलायच्या नाहीत. खालच्या कप्प्याकडे बोट दाखवायच्या. तिथे केवडा माला होती. 'सुरंगी' या नावाने कोणी तरी लिहिलेल्या चौतीस कादंबऱ्या, मुखपृष्ठावर ओलेती बाई, आणि चौथ्या प्रकरणात हमखास वीज जायची.

त्या चौतीसही मी वाचल्या होत्या. एकदा नव्हे. घरात काचेच्या कपाटात थोरामोठ्यांचे ग्रंथ होते, पण वाचायला मी हेच न्यायचो. त्यातल्या तसल्या वर्णनांसाठी नेत नव्हतो असं म्हटलं तर खोटं होईल. पण त्याखेरीजही एक होतं. सगळं झाल्यावर सुरंगीचा नायक बाईला विचारायचा, "थंडी वाजते का?" प्रत्येक पुस्तकात. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. मी अरुणाला असं कधी विचारलेलं आठवत नव्हतं.

नोंद केल्याशिवाय पुस्तक बाहेर न्यायचं नाही असा नियम होता. माझ्या नावावर केवडा माला दिसली असती तर मंडळात तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून मी नेलेली पुस्तकं एकशे बाराच्या नावावर लिहायचो. बाईंना काय फरक पडतो, असं तेव्हा वाटायचं.

आमच्याकडच्या वाचकांना पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मत लिहायची खोड होती. एकोणिसाव्या पुस्तकात मला बाईंचं अक्षर दिसलं: 'थंडी वाजते का, असं कोणी विचारतं का?' मी डाव्या हाताने, वेडंवाकडं, खाली लिहिलं: 'मी विचारलं असतं.'

ते पुस्तक मंडळाच्या अध्यक्षांच्या हाती पडलं. नोंदवही काढली. पुस्तक नेणारी एकच सभासद, एकशे बारा, चार वेळा. आणि अक्षरं दोन. त्यांनी बाईंना आणि सुकलालला बोलावून घेतलं. तो कामावरून तसाच आला, केसांत कापसाची तुसं. पान बघून त्याने बाईंना तिथेच विचारलं, "हाऊ दुसरा कोन शे? सांग!"

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी एका शब्दकोशाच्या पुठ्ठ्याला खळ लावत होतो. लावतच राहिलो.

अध्यक्ष मला म्हणाले, "सर, तुमच्यासारख्या सज्जनाच्या नाकाखाली हे चाललं होतं!" आठ दिवसांनी पत्र आलं. उद्या लिहू, असं म्हणत राहिलो.

गेल्या महिन्यात वाचनालय बंद झालं. पुस्तकं वाटून टाकत होतो. एक तरुण बाई आली.

"सर, ओळखलं? प्रमिलाबाईंची नूतन. आईसाठी काही आहे का वाचायला?"

"आई वाचतात अजून?"

"कुठलं! पप्पांनी तेव्हापासून पुस्तक घरात येऊ दिलं नाही. आता त्यांना लकवा झालाय, उठून बघणार थोडेच? म्हटलं, घेऊन जाऊ." ती हसली. "पण तोंड चालूच आहे हं. आईने चादर घातली की लगेच, 'दुसराले बलाव, तो इचारी तुले थंडी वाजस का.' मे महिन्यातसुद्धा! आम्ही लहान होतो ना, आम्हाला वाटायचं दुसरा म्हणजे भूत."

मी पुस्तकांना सुतळी बांधत होतो.

"सर, तुम्ही तर तेव्हा इथेच बसायचे. कोण होता हो तो?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

तिने पाच पुस्तकं नेली. केवडा मालेतलं एकही मी दिलं नाही. ती मी आधीच घरी आणून ठेवली होती.

त्यानंतर तीन दिवस मी बाईंना उत्तर लिहीत होतो. पहिल्या मसुद्यात साहित्याबद्दल बरंच होतं. दुसऱ्यात माझ्या स्वभावाबद्दल. दोन्ही फाडले. अरुणाने विचारलं, "कोणाला एवढं लिहिताय?" मी तिला सगळं सांगितलं. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"चौतीस पुस्तकं वाचून एवढंच शिकलात?" ती म्हणाली. "आणि बाईंना लिहू नका. त्यांना माहीत आहे. ज्याला सांगायला सांगितलं होतं, त्याला सांगा."

मग एकोणिसाव्या पुस्तकाचं शेवटचं पान कापलं आणि त्याच्याच पाठीवर, डाव्या हाताने लिहिलं, म्हणजे अक्षर जुळेल: 'सुकलालभाऊ, दुसरं अक्षर माझं. पुस्तकं मी नेली, नोंद तुमच्या बायकोच्या नावावर केली. तिचं माझं काउंटरापलीकडे कधी बोलणं झालं नाही. ती खरं सांगत होती.' 'मी विचारलं असतं' हे मी कोणाला उद्देशून लिहिलं होतं, ते मात्र लिहिलं नाही. मला ते ठरवता आलं नाही.

पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवरच्या मुलीने पाकीट उलटंपालटं केलं. "काका, मोकलनारनुं नाम क्यां छे? नाम वगर नहीं जाय."

पाठवणाऱ्याचं नाव मी लिहिलंच नव्हतं. मागे रांग होती. मी पेन मागून घेतलं आणि पाकिटावर नाव लिहिलं, पत्ता लिहिला, उजव्या हाताने. तिने शिक्का मारला, पाकीट मागच्या टोपलीत टाकलं आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.