मामाचे दहा शब्द

रेडिएशनमामा यायचा म्हटलं की घरातले सगळे मोबाईल आधी स्टीलच्या डब्यात जात आणि वर झाकण घट्ट बसे. हे नाव भिंगरीनं ठेवलं होतं, अर्थात त्याच्या माघारी. पूर्वी हाच मामा चुंबकाच्या गाद्या विकायचा, त्याही आधी तांब्याची कडी. दोन्ही वेळा जग बुडायला आलं होतं आणि दोन्ही वेळा ते एकट्या मामालाच कळलं होतं. आता मोबाईलच्या लहरींनी लोकांचे मेंदू गंजत होते, आणि तो गंज काढणारी, झाडपाल्याच्या अँटिऑक्सिडंटनी ठासून भरलेली हिरवी पूड योगायोगानं मामाच्याच पिशवीत होती. त्याचा स्वतःचा फोन मात्र शर्टाच्या खिशात, छातीशी. का, तर गिऱ्हाइकांचे फोन येतात.

एवढ्यावर भागलं असतं तर भिंगरीनं हसून सोडून दिलं असतं. पण आजोबांना हल्ली विसरायला व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी तपासून रोजच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या मामानं बंद करायला लावल्या.

"कशाला त्या गोळ्या, बाबा? सगळं फोनमुळे होतंय. पुडीचा गुण उंदरांवर सिद्ध झालाय."

"आजोबा उंदीर नाहीत," भिंगरी म्हणाली.

"नववीतल्या पोरींनी मध्ये बोलू नये."

आणि आई, जी शिवणयंत्रावर एक टाका वाकडा जाऊ देत नाही, तिनं धाकट्या भावाचं ऐकून गोळ्या कपाटावर ठेवून दिल्या. परवा आजोबा गॅसवर दूध ठेवून बाहेर फिरायला गेले. भांडं कोळसा झालं. तरी आईला धीर होता, कारण मामा दर रविवारी आजोबांची चाचणी घ्यायचा. तो दहा शब्द वाचायचा, आजोबा पुडीचा पेला संपवून आठवतील तेवढे म्हणायचे. यंत्राच्या खडखडाटात आईला शब्द ऐकू यायचे नाहीत. ऐकू यायचा तो फक्त मामाचा पुकारा. आधी पाच, मग सात, मग नऊ.

या रविवारी मामानं घसा साफ केला तेवढ्यात भिंगरीनं डबा उघडला, आईचा फोन काढला आणि कानाला लावला.

"आज माझी चाचणी. सकाळी तू यायच्या आधी मी तासभर मैत्रिणीशी फोनवर बोललेय. पूड चाटलेलीसुद्धा नाही."

"घे, गंजव मेंदू," मामा हसला. "मग थांब, वाचतो."

"वाचायची गरज नाही. चमचा, ढग, कुलूप, घोडा, साबण, शिडी, आरसा, मीठ, जहाज, उशी. दहापैकी दहा."

मामाचा चेहरा शिळ्या पुडीसारखा झाला आणि आवाज यंत्राच्याही वर चढला. "यात काय मोठंसं? दर रविवारी इथे बसून ऐकतेस. पाठ झालेत तुला."

यंत्र थांबलं.

"दर रविवारी तेच शब्द असतात?" आईनं विचारलं.

"अगं ताई, मोजमाप सारखंच ठेवावं लागतं. वजनाचा काटा आपण दर वेळी बदलतो का?"

भिंगरीला वाटलं, या उत्तराला काच लावून भिंतीवर टांगावं. असला माणूस उंदरांच्या गोष्टी सांगत हिंडतो आणि उंदीर बिचारे काही बोलू शकत नाहीत.

"म्हणजे बाबांनाही पाठच झालेत," आई हळूच म्हणाली. "आणि मी दूध करपवणाऱ्या माणसाचे मार्क मोजत बसले."

"ताई, हे विज्ञान आहे..."

"तू गप्प बस."

आजोबा पेल्यातला हिरवा गाळ चमच्यानं ढवळत होते. "मला कधीच कळलं होतं," ते म्हणाले. "पण बोललो नाही. म्हटलं, पोराला याच्यापलीकडचे शब्द येत नसतील."

आईनं स्टूल ओढलं आणि कपाटावरून गोळ्या उतरवल्या. मग भिंगरीपुढे हात केला. "फोन दे इकडे. परत कशा सुरू करायच्या ते डॉक्टरीणबाईंना विचारते."

फोन लागला तसा मामा आपोआप दोन पावलं मागं सरकला, लहरी लागू नयेत म्हणून. त्याच क्षणी त्याचा खिसा वाजला. गिऱ्हाईक होतं. मामानं फोन कानाला लावला, दाराकडे सरकत म्हणाला, "हो हो, वडिलांना फारच गुण आलाय," आणि पिशवी उचलून निघाला.

भिंगरीनं त्याला दार उघडून दिलं. तेवढे संस्कार तिच्यावर झालेले होते.