कोणता बहादूर?

शनिवारी सकाळपासून सुपडूच्या खिशात दोन मोबाईल होते. एक त्याचा स्वतःचा, दुसरा बहादूरचा. बहादूरचा वाजला तर लगेच उचलायचा होता. दुपारी चारच्या आत तो वाजला नाही, तर नंतर उचलून काही उपयोग नव्हता. चार वाजता महापालिकेची गाडी येणार होती आणि बहादूरला बेवारस म्हणून घेऊन जाणार होती.

बहादूर गेला गुरुवारी सकाळी. जळगावच्या डाळमिलच्या गेटवर, खुर्चीत, पाठीवर ऊन घेत बसल्या-बसल्या. तुरीचा ट्रक बाहेर हॉर्न मारत होता आणि गेट उघडत नव्हतं, म्हणून हमाल तोताराम शिव्या देत केबिनकडे गेला.

"ए बहादूर, ऊठ ना रे भो, झोपा काय काढी राहिना!" म्हणत त्यानं खांदा हलवला, तर डोकं छातीवर आलं.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. त्यात कोणाचा दोष नव्हता. दोषाचं काम पुढे निघालं.

पोलिसांनी मिलकडे कागद मागितला. कागदावर नाव होतं बहादूर थापा. सोबत नेपाळच्या कसल्याशा ओळखपत्राची झेरॉक्स, इतकी फिकी की फोटोत नुसती टोपी ओळखू यायची. कडेला पेनानं लिहिलेला एक नंबर. हवालदार प्रेमराजनं तो लावला. पलीकडे एका माणसानं उचलला. हवालदारानं आवाज बारीक करून वाईट बातमी सांगायला सुरुवात केली, तर तो माणूस म्हणाला, "साब, बहादूर थापा तो मैं हूँ. घर पे बैठा हूँ, चाय पी रहा हूँ."

हवालदारानं फोन ठेवला आणि सुपडूकडे पाहिलं. सुपडू मिलचा मुकादम. तो कागद त्याच्याच अक्षरातला होता.

"आबा, हा माणूस जिवंत आहे. मग आत बर्फात ठेवलाय तो कोण?"

सुपडूला सगळं आठवत होतं. बारा वर्षांपूर्वी जुना बहादूर, म्हणजे खरा थापा, गावी गेला आणि परत आला नाही. पंधरा दिवसांनी धुळे रोडवरच्या ढाब्यावर भांडी घासणारा एक नेपाळी काम मागायला आला. त्याला गेटवर बसवला. सुपडूनं मालकाला विचारलं, नवीन कागद करायचा का? मालक म्हणाले, कशाला, हाही बहादूरच ना? सुपडूलाही ते पटलं. खुर्ची तीच, शिट्टी तीच, काठी तीच. नाव तेच राहू दिलं. नव्या माणसानंही हरकत घेतली नाही. दुसऱ्या मुलखात पोट भरायला आलेला माणूस कशाला हरकत घेईल?

सुपडूला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचं गाव धरणगावकडचं. तिथं त्याच्या बापाला मळेवाल्यांनी उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. जी हाक मारायचे, ती सुपडूनं आपल्या मुलांना, युवराजला आणि संघमित्राला, कधी सांगितली नाही. तो स्वतः तरुणपणी सुरतेला होता, तिथं तो 'ए घाटी' होता. इतकं अंगावर घेतलेला माणूस, आणि त्यानंच मिलच्या कागदावर जित्या माणसाचं नाव दुसऱ्याला चढवलं. त्यात आपण काही वाईट केलं असं त्याला बारा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

मिलमध्ये सगळ्यांनाच अशी नावं होती. बिहारचे हमाल 'भैय्या'. नेपाळी 'बहादूर', नाही तर 'कांछा'. गेटवरचा हा साहेबांना 'शाब' म्हणायचा, म्हणून त्याला कोणी 'शाबजी'. एकदा जेवायच्या सुट्टीत तोतारामनं त्याला छेडलं होतं.

"का रे कांछा, आम्ही तुले बहादूर म्हणतस. तुम्हना मुलुखमा आम्हले काय म्हणतस?"

तो हसला. "नाराज तो नहीं होगे?"

"नही रे, सांग!"

"धोती."

तोतारामनं आजूबाजूला पाहिलं. "धोती? आठे कोनी घाली शे धोती? बठ्ठा पँटवाला शेतस!"

"फिर भी धोती. भैय्या भी धोती, तुम भी धोती."

"आनं मालक?"

"मालिक बडा धोती."

मिल हसून लोळली होती. त्या दिवसापासून तोतारामला तो खुशाल धोती म्हणायचा, आणि तोताराम ओ द्यायचा. पण तोताराम संध्याकाळी घरी गेला की तोताराम होता. गेटवरच्या माणसाला तसं जायला दुसरं घर नव्हतं.

एकच माणूस त्याला नावानं हाक मारायचा. सुपडूची बायको, नर्मदाबाई. मिलच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, तिथं ती आणि सुपडू राहायचे. तो कामाला लागला त्याच आठवड्यात तिनं त्याचं नाव विचारून घेतलं होतं. तो तिला दिदी म्हणायचा. कळण्याची भाकरी, ठेचा, ताक, घरात जे असेल ते ती भिंतीवरून त्याला द्यायची, आणि देताना हाक मारायची. बारा वर्षं ती हाक सुपडूच्या कानावरून गेली. कुकरची शिट्टी जावी तशी गेली.

नर्मदाबाई आठ महिन्यांपूर्वी वारली. गुरुवारपासून सुपडू डोक्याला हात लावून ती हाक आठवत होता. ती भिंतीपाशी उभी आहे, पदर खोचलेला आहे, हातात तांब्या आहे, एवढं दिसायचं. तोंड हलताना दिसायचं. आवाज यायचा नाही. नाव तर नाहीच, तिचा आवाजही नीट यायचा नाही. ते कळल्यावर तो गुरुवारी जेवला नाही.

आता एकच आशा होती. मोबाईलला कुलूप होतं, ते कोणाला उघडेना. पण घरचा फोन आला तर उचलता येणार होता. आणि घरचा फोन शनिवारी दुपारी यायचा. त्याची बायको आठवड्यातून एकदा चार तास चालत डोंगर उतरून बाजाराला यायची, तिथंच रेंज होती. दर शनिवारी तो भिंतीकडे तोंड करून बोलत बसायचा, हे अख्ख्या मिलला माहीत होतं.

म्हणून सुपडू सरकारी दवाखान्याच्या मागे, शवागाराबाहेरच्या बाकावर बसला होता. तोताराम शेजारी. हवालदार प्रेमराज समोर टेबलावर कागद तयार करत होता. एक वाजला. दोन वाजले.

"आबा, चहा पी ल्या," तोताराम म्हणाला.

"नको."

सव्वातीनला खिसा थरथरला. पडद्यावर 'घर' असं होतं. नेपाळी अक्षरं आपल्यासारखीच असतात.

पलीकडून एक बाई भराभर काही बोलली, मग थांबली. "कौन?"

"मैं सुपडू. जलगाव, मिल का मुकादम."

"फोन उनको दो."

"बाई, बहादूर नहीं रहा. परसों सुबह गया."

मागे बसचा हॉर्न वाजला, कोणीतरी भाव करत होतं. मग ती म्हणाली, "कौनसा बहादूर?"

"गेटवाला. हमारा बहादूर."

ती चक्क हसली. सुटल्यासारखी हसली. "तुम धोती लोगों के लिए हम सब बहादूर. मेरा भाई दिल्ली में बहादूर, जेठ नैनिताल में बहादूर. दूसरा कोई मरा होगा. उनका नाम बहादूर नहीं है. फोन उनको दो."

"क्या नाम है उनका? बाई, नाम बताओ."

"मैं नाम नहीं लेती."

हे सुपडूला कळलं. नर्मदाबाईनं अडतीस वर्षांत त्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर ती संघमित्राला पुढे करायची. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या आईनं तिच्या मनात घातलं होतं, आणि ते काही केल्या निघालं नाही. इकडे मिलनं या माणसाचं नाव घेतलं नाही कारण कोणाला गरज वाटली नाही. तिकडे ही घेत नव्हती, तो जगावा म्हणून.

"घर का कोई है साथ में? लडका?"

"जगत कतर में है. मैं अकेली आई हूँ. उनको बुलाओ ना."

मग सुपडूला ते करावं लागलं. नाव माहीत नाही, तेव्हा तो तिच्या नवऱ्याचं वर्णन सांगू लागला. हवालदार पंचनाम्यात लिहितो तसं. डाव्या हाताची दोन बोटं भाजून चिकटलेली. समोरचा एक दात नाही. चहात मीठ टाकायचा. ती मध्येच म्हणाली, "बहुत लोग डालते हैं." तो सांगत राहिला. जाड भुवया. गळ्यात काळा दोरा, त्याला तांब्याचं नाणं.

"शनिवार को आपसे बात करता था. दीवार की तरफ मुँह करके. बात करते करते जूते से दीवार को ठोकता था."

पलीकडून बस निघून गेल्याचा आवाज आला. तोताराम उठून लांब जाऊन उभा राहिला.

मग ती म्हणाली, "वो ठक-ठक मुझे सुनाई देती थी."

"बाई..."

"अब तो ले सकती हूँ." तिनं श्वास घेतला. "उजिरसिंह. उजिरसिंह बोहरा." पहिल्यांदाच घेत असल्यामुळे तिला ते जड गेलं. मग ती तेच पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा. आता ती सुपडूशी बोलत नव्हती.

सुपडूनं डोळे मिटले. भिंतीपाशी उभी नर्मदाबाई स्पष्ट म्हणाली, "उजिरभाऊ, ताक लई जाय रे!" एवढंच. आठ महिन्यांनी तिचा आवाज आला तो दुसऱ्याच्या मरणावर आला.

त्यानं फोनवरच्या बाईला गावाचं नाव विचारलं, जिल्हा विचारला, नवऱ्याच्या नावासकट हातावर लिहून घेतलं. कोणी येईल का विचारलं. ती म्हणाली, कोण येणार? आठ दिवस लागतात. जगतला सुट्टी मिळत नाही. "तुम जला दो. लेकिन बहादूर करके मत जलाना."

पावणेचार व्हायला आले होते. सुपडू टेबलापाशी गेला.

"साहेब, नाव मिळालं."

प्रेमराजनं पेन खाली ठेवलं. "आबा, कागद झालेत. वारस येतोय का?"

"नाही येत कोणी."

"मग जाळायचं तर आहेच. बदलायचं म्हटलं तर तुमचा जबाब लागेल. मिलच्या कागदावर दुसऱ्याचं नाव तुम्ही तसंच राहू दिलं, असं सही करून द्यावं लागेल. मालकांना विचारलंत?"

"अक्षर माझं आहे. मालकांना काय विचारायचं?"

तोतारामनं त्याला बाजूला ओढलं. "आबा, नोकरी जाई तुम्हनी. क्वार्टर जाई. आनं आते त्याले काय फरक पडस?"

"तिले पडस," सुपडू म्हणाला. "ती चार घंटा चाली जाई आते. एकटी."

तो खुर्चीत बसला. हवालदारानं कोरा कागद घेतला. सुपडूचं नाव, वय, धंदा लिहून झालं. मयताचं नाव सुपडूनं हातावरचं वाचून सांगितलं, आणि हवालदारानं ऱ्हस्व-दीर्घ विचारून बरोबर लिहून घेतलं. बाहेर गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला.

"मयतास किती वर्षांपासून ओळखता?"

"बारा."

प्रेमराजचं पेन थांबलं. त्यानं वर पाहिलं. वय लहान होतं त्याचं, आवाजात कुत्सितपणा नव्हता, पण कागद नीट व्हायला हवा होता.

"बारा वर्षांपासून ओळखतो, आणि नाव आज समजलं. असंच लिहू?"

"असंच लिहा," सुपडू म्हणाला.