क्षमाताईंचा हात

रक्ततपासणीच्या पट्टीवरच्या दोन रेघांमध्ये अर्धा मिलिमीटर पांढरी जागा हवी होती. ती नव्हती. रेघा एकमेकींत विरघळल्या होत्या, आणि अशा पट्टीवरून मूल सिकलसेलचा रुग्ण आहे की नुसता वाहक, हे कोणीच सांगू शकत नाही. क्षमाने भिंग खाली ठेवलं.

“दीदी, फिर ख़राब?” थोकोझानीने विचारलं.

“हव.”

थोकोझानी मलावीहून सहा महिन्यांसाठी रायपूरच्या या प्रयोगशाळेत रक्ततपासणी शिकायला आली होती. परतल्यावर तिच्या जिल्ह्यातली पहिली सिकलसेल प्रयोगशाळा तीच चालवणार होती. वय सव्वीस. दारावर तिच्या नावाची पाटीसुद्धा लागली होती. तिने फोनवर तो फोटो दाखवला तेव्हा क्षमा म्हणाली होती, “खिड़कियाँ अच्छी हैं।” कांकेर जिल्ह्यात अशीच एक प्रयोगशाळा आपल्याला मिळावी म्हणून क्षमाने तीनदा अर्ज केला होता. तिसऱ्याचं उत्तरही आलं नाही.

“मॅडमच्या हातालेच देवानं एसी लावला आहे,” नळ्या धुता धुता मदतनीस इंदू म्हणाली. “चव्वेचाळीस डिग्रीत रेघ हलत नाही. तो हात हिनं कुठून आणावा?”

क्षमा हसली नाही. रोज सगळ्यांच्या आधी येऊन ती, ज्यात पट्टीवरच्या रेघा वेगळ्या होतात त्या आपल्या द्रावणाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरायची आणि माणसं यायच्या आत काढून घ्यायची. बाकीच्यांच्या बाटल्या फळीवर तापत राहायच्या, आणि तापलेल्या द्रावणात रेघा पसरायच्या. द्रावण खोलीच्या तापमानाचं असावं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने रायपूरची खोली पाहिली नव्हती. सुरुवातीला कोणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. मग लोक तिच्या हाताचं कौतुक करू लागले. गेले तीन आठवडे ती रोज ठरवत होती, उद्या सांगू.

प्रयोगशाळेचे प्रमुख भार्गव सर कागद घेऊन दारात उभे राहिले.

“काय क्षमाताई, झाली का मलावीची पोट्टी तयार? आज रिपोर्ट पाठवून राहिलो. नसंल जमत तर लिहून टाकतो, हात बसला नाही, तिथं दुसऱ्याले नेमा.”

थोकोझानीला मराठी कळत नव्हतं. ‘रिपोर्ट’ तेवढा कळला. तिने खराब पट्टी उचलून डब्यात टाकली. मग उजव्या हाताची बोटं खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेक करून पाहिली, बिघडलेलं उपकरण पाहावं तशी.

क्षमाने नजर वळवली. भिंग पुसलं. आधीच स्वच्छ असलेलं ते भिंग तिने पुन्हा एकदा पुसलं.

“लिहू ना?” सरांनी पेन काढलं.

“नका लिहू.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. नळ बंद करून इंदू ऐकू लागली. “हात चांगला आहे तिचा. माझी बाटली थंड राहते, सर. मीच करतो थंड. वीस वर्षं झाली, कोणालेच सांगितलं नाही.”